हिगाशिकावात वर्षभर राहून जपानी शिकले, त्याची सुरुवातीपासूनची हकीकत

जपानला भाषा शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे टोकियो नाहीतर ओसाका, दोनच नावं निघतात. मी जपानच्या उत्तरेच्या होक्काइडो बेटावरच्या हिगाशिकावा नावाच्या गावात ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ राहिले. निघायच्या आधी या गावाबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, आणि जे हिंदी-इंग्रजीत होतं ते सगळं टोकियोवाल्यांनी लिहिलेलं, तिथला एकही सल्ला उणे वीस डिग्रीत उपयोगी पडत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कोणाला तरी कामाला येईल.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. होक्काइडोच्या बरोबर मध्यावर असाहिकावा हे मोठं शहर आहे, त्याच्या शेजारी भातशेतीच्या सपाट पट्ट्यात हिगाशिकावा, आणि पूर्वेला दाइसेत्सुझानचे डोंगर. लोकसंख्या साडेआठ हजारांच्या आसपास. गावात रेल्वे नाही, राष्ट्रीय महामार्ग नाही आणि नळपाणी योजनाही नाही, आणि तिथली माणसं हे तिन्ही 'नाही' अभिमानाने सांगतात. १९८५ मध्ये गावाने स्वतःला फोटोग्राफीचं गाव म्हणून जाहीर केलं, १९९४ पासून दर उन्हाळ्यात देशभरातल्या हायस्कूलच्या मुलांची फोटो स्पर्धा तिथे होते. आणि २०१५ साली गावाच्या पालिकेने स्वतः जपानी भाषेची शाळा काढली, पालिकेने चालवलेली जपानमधली ही पहिलीच. मला पुण्यात आमच्या क्लासच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, या शाळेबद्दल सांगितलं, तेव्हा मी जपानीची एन-फोर परीक्षा पास होते आणि नोकरी सोडावी की नाही या विचारात होते.

ऑक्टोबरच्या बॅचसाठी कागदपत्रांची धावपळ एप्रिल-मेमध्येच सुरू करावी लागते. खरा डोंगर हाच असतो. सगळ्यात आधी सीओई लागतं, म्हणजे जपानच्या इमिग्रेशनने तुम्हाला राहायला पात्र ठरवल्याचा कागद. त्यासाठी शाळा तुमच्या वतीने अर्ज करते, तुम्ही फक्त शाळा मागेल ते पाठवायचं. शेवटचं शिक्षण पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, जपानी शिकल्याचा पुरावा, का शिकायचंय याचं पत्र, खर्च कोण करणार त्याचं बँक बॅलन्स सर्टिफिकेट, त्याच्या उत्पन्नाचे कागद, आणि त्याचं-तुमचं नातं काय हे सिद्ध करणारा कागद. माझा खर्च बाबा करणार होते. जन्मदाखला मराठीत, बँकेचं पत्र इंग्रजीत, आणि प्रत्येक कागदाला जपानी भाषांतर जोडायचं. भाषांतर स्वतः केलं तरी चालतं, खाली करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची, त्यामुळे एजंटला पैसे देण्याआधी शाळेला एकदा ईमेल करून विचारा. बँक बॅलन्सच्या सर्टिफिकेटची तारीख ताजी लागते म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच पक्की करा, तुमच्या नावाचा काताकानातला, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीतला स्पेलिंग. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात बापाचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, मग आडनाव वेगळं, आणि जपानी फॉर्ममधल्या चौकटी संपतात पण आपलं नाव संपत नाही. शाळा, टाउन हॉल, बँक, फोन कंपनी सगळीकडे तेच काताकाना तस्संच आलं पाहिजे, दीर्घ उच्चाराची आडवी रेघ एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही असं झालं तर बँक अडवते. मी एका कागदावर लिहून तो कागद वर्षभर पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला होता.

जून आणि जुलै नुसती वाट बघण्यात गेले. या काळात काहीच करता येत नाही, शाळेलाही काही माहीत नसतं, आणि घरचे रोज विचारतात. तिकीट काढायची घाई करू नका. ऑगस्टच्या शेवटी सीओई आलं, ते आता ईमेलवरही मिळतं, प्रिंट काढून चालते. त्यानंतरचं सोपं आहे. व्हिसा सेंटरला अर्ज, भारतीयांसाठी व्हिसाची फी तेव्हा पाचशे रुपयांच्या आसपासच होती, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज, आणि आठवड्याभरात पासपोर्ट परत. सीओईची मुदत तीन महिन्यांची असते, तेवढ्यात जपानमध्ये शिरायचं.

मी मुंबई-दिल्ली-हानेदा-असाहिकावा अशी गेले. रेसिडेन्स कार्ड विमानतळावर हातात मिळतं, पण सगळ्या विमानतळांवर नाही, हानेदा, नारिता, कानसाई, शिन-चितोसे अशा काहीच मोठ्या ठिकाणी, म्हणून पहिलं उतरणं अशाच ठिकाणी ठेवा. तिथेच आठवड्याला २८ तासांपर्यंत पार्ट-टाइम काम करायच्या परवानगीचा फॉर्म भरून द्या. नंतर करायचं म्हटलं तर इमिग्रेशनच्या ऑफिसला वेगळी फेरी पडते आणि वाट बघावी लागते, विमानतळावर मात्र कार्डावर लगेच शिक्का मारतात. हानेदाहून असाहिकावा साधारण दीड-पावणेदोन तासांचं विमान, आणि असाहिकावा विमानतळ ते हिगाशिकावा गाडीने दहा-पंधरा मिनिटं. हे मला आधी पटलंच नव्हतं, एवढ्या लहान गावाला विमानतळ असाहिकावा शहरापेक्षाही जवळ आहे.

उतरताना खिडकीतून भाताची कापलेली शेतं दिसली आणि मागे असाहिदाके, वरचा भाग पांढरा. २,२९१ मीटर, होक्काइडोतला सगळ्यात उंच डोंगर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर बर्फ आणि खाली पिवळीधम्मक शेतं. पोटात गोळा आला होता खरा, पण त्या दृश्याने थोडं शांत वाटलं.

पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत टाउन हॉलमध्ये पत्ता नोंदवावा लागतो. शाळेचे लोक सोबत आले, आणि इथेच लहान गावाचा फायदा कळतो. टोकियोतल्या माझ्या मैत्रिणीला वॉर्ड ऑफिसमध्ये अर्धा दिवस टोकन घेऊन बसावं लागलं होतं, इथे एकाच काउंटरवर पत्ता, आरोग्य विमा आणि पेन्शन, तिन्ही एका बसणीत झालं. रेसिडेन्स कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात. माय-नंबरचं, म्हणजे तिथल्या रहिवाशाच्या ओळख क्रमांकाचं पत्र नंतर पोस्टाने येतं, ते फेकू नका, बँकेला लागतं.

विमा म्हणजे कोकुमिन केन्को होकेन. डॉक्टरकडे गेलं की तुम्ही ३० टक्के भरायचे. मागच्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न शून्य होतं हे लिहून दिलं की हप्ता बराच कमी होतो, मला महिन्याला दोन हजार येनच्या आतच पडायचा. तेव्हा येन साधारण ५५-५६ पैशांना होता. कार्डावर गावाचं नाव नसून दाइसेत्सु भागाच्या संयुक्त संस्थेचं नाव दिसतं, कारण हिगाशिकावा, हिगाशिकागुरा आणि बिएइ ही तीन गावं विमा मिळून चालवतात, त्यामुळे चुकीचं कार्ड मिळालं असं वाटून घाबरू नका. आता डिसेंबर २०२४ पासून नवीन कागदी कार्ड देणं बंद झालंय, माय-नंबर कार्डालाच जोडतात.

पेन्शनबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. वीस वर्षांवरच्या प्रत्येक रहिवाशाला कोकुमिन नेनकिन लागू होतं, मग तुम्ही वर्षभरच राहणार असलात तरी. त्या वर्षी महिन्याला १६,५२० येन होते, विद्यार्थ्याला हे जमणारं नाही. त्याच काउंटरवर माफीचा अर्ज मिळतो, तो त्याच दिवशी भरा. आणि हे माफीचं वर्ष जुलै ते जून असतं, म्हणजे ऑक्टोबरला गेलेल्याला पुढच्या जुलैत परत अर्ज करावा लागतो. आमच्यातल्या काहींना ऑगस्टमध्ये पैसे भरायच्या स्लिपा घरी आल्या तेव्हा हे कळलं.

बँकेसाठी सगळे पोस्टातच जातात. बाकी बँका सहा महिने राहिल्याशिवाय खातं उघडायला तयार नसतात, पोस्टात विद्यार्थ्याचं लगेच होतं. शिक्का बनवायची आता गरज पडत नाही, सहीवर चालतं. खातं आलं की मग फोनचा नंबर.

आता पाण्याबद्दल. नळपाणी योजना नाही म्हणजे पाणी नाही असं नव्हे, उलट आहे. दाइसेत्सुझानवर पडलेला बर्फ आणि पाऊस जमिनीत मुरतो, वर्षानुवर्षं खडकांतून झिरपत खाली येतो आणि गावाखाली साठतो. प्रत्येक घर आपापल्या पंपाने तेच पाणी वर ओढतं. क्लोरीन नाही, वास नाही, बारा महिने थंडगार. होक्काइडोत नळपाणी योजना नसलेलं हे एकच गाव. गावाबाहेर चुबेत्सु धरणाच्या बाजूला झऱ्याचं पाणी सगळ्यांसाठी खुलं आहे, शनिवार-रविवारी लोक गाड्यांत कॅन भरून घेऊन जाताना दिसतात. मी दुष्काळी पट्ट्यातली, आमच्याकडे मे महिन्यात टँकरची वेळ विचारून लग्नाच्या तारखा ठरतात, त्यामुळे पहिले कित्येक दिवस नळ सोडला की मी बंद करायला धावायचे. शेजारच्या आजींनी एक सांगितलं, वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की पाणी बंद. सप्टेंबर २०१८ च्या भूकंपानंतर अख्ख्या होक्काइडोची वीज गेली होती. तेव्हापासून त्या कायम भरलेल्या बाटल्या ठेवतात, मग मीही ठेवायला लागले.

आणि एक महत्त्वाचं, घरातलं पाणी असं शुद्ध आहे म्हणून डोंगरातल्या ओढ्याचं पाणी कधीही पिऊ नका. होक्काइडोतल्या कोल्ह्यांमुळे एकिनोकोकस नावाच्या जंताचा धोका असतो, त्याचा यकृतावर परिणाम होतो आणि लक्षणं कित्येक वर्षांनी दिसतात. कोल्हे रस्त्याच्या कडेला अगदी जवळ येऊन उभे राहतात, फार गोड दिसतात, पण खायला घालायचं नाही आणि हात लावायचा नाही.

नोव्हेंबरमध्ये बर्फ पडून टिकायला लागला. हिवाळ्याची तयारी पुण्यातून करून जाऊ नका, बॅगेतली जागा वाया जाते. इथल्या जॅकेटचा तिथे उपयोग नाही. थर्मल दोन-तीन घ्या, बाकी बूट, हातमोजे, कानटोपी असाहिकावात विकत घ्या. बुटांचा तळ बर्फासाठीचा असायला हवा, तिथल्या दुकानांत हिवाळी बूट वेगळेच मांडलेले असतात, मला आठ हजार येनला मिळाले. चालताना पावलं लहान टाकायची आणि तळवा पूर्ण टेकवायचा, हे शाळेत शिकवतात. बर्फ ढकलायला एक मोठं सुपासारखं पसरट साधन असतं, त्याला सगळे 'मामासान डंप' म्हणतात, पहाटेच्या अंधारात सगळ्या गल्लीतून त्याचा खरखर आवाज येतो. रात्री कडाक्याची थंडी असेल किंवा चार दिवस बाहेर जाणार असाल तर पाइपातलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर पाइप फुटतो आणि दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो. पाणी काढायचा वॉल्व्ह कुठे आहे ते खोलीचा ताबा घेतानाच विचारून घ्या, व्हिडिओ काढून ठेवा.

जानेवारी मला जड गेला, हे स्पष्ट लिहिते. डिसेंबरमध्ये चारच्या आसपासच सूर्य मावळतो, शाळेतून बाहेर पडेपर्यंत अंधारायला लागलेलं असतं. उणे वीसच्या खाली तापमान गेलं की नाकातले केस गोठतात. शेजारच्या असाहिकावात २५ जानेवारी १९०२ ला उणे ४१ डिग्री नोंदलं गेलं होतं, जपानमधला हा अजूनही अधिकृत नीचांक आहे. घरची आठवण यायची, फोनवर आईशी बोलताना रडू यायचं. तेव्हा मला वाचवलं ते शाळेशेजारच्या सेन्तोप्युआ नावाच्या इमारतीने. ही गावाची लायब्ररी आणि सांस्कृतिक केंद्र, ऊबदार, लाकडी, आणि सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या, कारण असाहिकावा-हिगाशिकावाचा हा पट्टा लाकडी फर्निचरसाठी नावाजलेला आहे. २००६ पासून गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला नाव आणि जन्मतारीख कोरलेली छोटी लाकडी खुर्ची देतात, आजींच्या नातवाचीही त्यांच्या हॉलमध्ये ठेवलेली आहे. मी रोज संध्याकाळी लायब्ररीत जाऊन बसायचे, हळूहळू तिथल्या लोकांशी बोलणं सुरू झालं, वर्गापेक्षा जास्त जपानी मी तिथे शिकले. ऑक्टोबरला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, हिवाळ्यात खोलीत एकटं बसू नका, रोज कुठेतरी माणसांत जा.

आणि त्याच जानेवारीत एका सकाळी हवेत बारीक बारीक चमचम दिसली, ऊन होतं, आभाळ निळं होतं आणि तरी काहीतरी पडत होतं. हवेतलीच वाफ गोठून तिचे कण तरंगत होते. वर्गातल्या इंडोनेशियाच्या, थायलंडच्या, तैवानच्या पोरी आणि मी, आम्ही सगळ्या रस्त्यात उभ्या राहून ते बघत होतो आणि उशीर झाला तरी सेन्सेई काही बोलले नाहीत.

खाण्याचं म्हणाल तर मी शाकाहारी, आणि सोपं नव्हतं. माशाचा अर्क जवळजवळ सगळ्यात असतो. डाळी, हिंग, गोडा मसाला घरून न्या, तांदूळ मात्र अजिबात नेऊ नका. हिगाशिकावाचा तांदूळ त्याच डोंगराच्या पाण्यावर पिकतो, युमेपिरिका जातीचा भात चिकट असतो पण वरण-तुपाबरोबर फार सुंदर लागतो. भाताला पाणी चांगलं म्हणून सगळं चांगलं, २०२० मध्ये तर गिफू प्रांतातला साके, म्हणजे तांदळाची दारू बनवणारा एक जुना कारखाना पाण्यासाठी थेट इथे स्थलांतरित झाला.

एप्रिलमध्ये गावातला बर्फ वितळला आणि मे महिन्यात शेतांत पाणी सोडलं. रोपं लावायच्या आधी काही दिवस सगळी शेतं म्हणजे नुसतं पाणी, आणि त्यात अख्खा दाइसेत्सुझान उलटा दिसतो. त्या दिवसांत सायकल काढा, बाकी काही करू नका. किटोउशीच्या टेकडीवर गेलात तर वरून सगळ्या चौकोनी शेतांचा पट्टा दिसतो. जूनमध्ये पहाटे चारच्या आधी उजाडतं, जाड पडदे घ्या.

असाहिदाकेला जायला असाहिकावा स्टेशनवरून विमानतळ आणि हिगाशिकावा करत बस येते, दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून मगच वर जायचं. ही बस चालवणाऱ्या कंपनीच्या नावात अजूनही 'इलेक्ट्रिक ट्रामवे' आहे, कारण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिची ट्राम असाहिकावाहून हिगाशिकावापर्यंत यायची. डोंगराच्या पायथ्याहून रोपवे ११०० मीटरवरून १६०० मीटरवर साधारण दहा मिनिटांत नेतो, तेव्हा उन्हाळ्यात जाऊन-येऊन तीन हजार येनपेक्षा थोडं जास्त पडायचं. वर सुगातामी तळ्याभोवती १.७ किलोमीटरची पायवाट आहे, तासाभराची. बाजूच्या दरीतून गंधकाची वाफ फुसफुसत बाहेर येत असते, जूनअखेरीसही बर्फाचे पट्टे असतात आणि त्याला लागूनच पांढरी-पिवळी चिंगुरुमा फुललेली. सप्टेंबरच्या मध्यावर हीच चिंगुरुमा लालभडक होते. जपानमध्ये पानांचे रंग सगळ्यात आधी बदलतात ते इथे.

शिखरावर जायचं असेल तर आधी व्हिजिटर सेंटरला थांबा, वाटेची, हवेची आणि अस्वलांची त्या दिवसाची माहिती मिळते. दाइसेत्सुझान हे १९३४ मध्ये झालेलं राष्ट्रीय उद्यान जून २०२४ पर्यंत जमिनीवरचं जपानमधलं सगळ्यात मोठं होतं, आणि तपकिरी अस्वलं तिथली रहिवासी आहेत. बॅगेला घंटी लावा, एकट्याने जाऊ नका, खाणं उघडं ठेवू नका. वरचा सगळा चढ ज्वालामुखीच्या सुट्या खडीचा आहे आणि उतरताना धुकं आलं तर वाट चुकते, म्हणून सकाळच्या पहिल्या रोपवेने जा. मी ऑगस्टमध्ये वर्गातल्या दोघींबरोबर गेले. वरून खाली चौकोनी हिरवी शेतं दिसत होती, आपण रोज पितो ते पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं हे एका नजरेत दिसलं. मला तिथे फार कृतज्ञ वाटलं.

परत निघतानाही कागद आहेतच. टाउन हॉलमध्ये गाव सोडल्याची नोंद साधारण दोन आठवडे आधीपासून करता येते, विम्याचा उरलेला हप्ता तिथेच चुकता करायचा, पोस्टातलं खातं बंद करायचं, फोनचं शेवटचं बिल भरूनच खातं बंद करा. रेसिडेन्स कार्ड विमानतळावर परत देतात. मधे सुट्टीला घरी यायचं असेल तर बाहेर पडताना विमानतळावरच्या फॉर्मवर परत येणार असल्याच्या चौकटीत टिक करायला विसरू नका, नाहीतर व्हिसाच संपतो. पेन्शन भरलेली असेल आणि ती सहा महिने किंवा जास्त असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत परताव्याचा अर्ज करता येतो, माफी घेतलेल्यांना यातलं काही मिळत नाही.

एप्रिलची बॅच घ्यावी की ऑक्टोबरची, हे सगळेच विचारतात. एप्रिलला गेलात तर हळूहळू थंडीची सवय होते, भाषा थोडी येते आणि मग हिवाळा येतो, हे सोपं आहे, पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्याने एप्रिलच घ्यावा. पण मला परत निवडायला मिळालं तर मी ऑक्टोबरच घेईन, कारण आधी बर्फ बघितला की मग मे महिन्यात शेतात पाणी आल्यावर ते कुठून आलंय हे माहीत असतं. एप्रिलसाठी अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत जातात, म्हणजे सप्टेंबरपासून शाळेच्या साइटवर लक्ष ठेवा, आणि बाबांच्या किंवा जे खर्च करणार त्यांच्या बँकेत आत्ताच जाऊन त्यांच्याकडे सर्टिफिकेटचा नमुना कसा असतो ते बघून या.